अंधार, धुके आणि अदृश्यता: डी अँड डीमध्ये न दिसणाऱ्या शत्रूवर नेम धरण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलावरचा भूमिका-खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून त्यात अदृश्य होणारे जादूगार आहेत व त्यांच्यावरून होणारे वादही आहेत. पुढील उत्तरे खेळाच्या पाचव्या आवृत्तीला धरून दिली आहेत. २०१४ चे मूळ नियम आणि २०२४ चे सुधारित नियम यांत जिथे फरक पडतो तिथे तो स्वतंत्रपणे सांगितला आहे, कारण एकाच टेबलावर एका खेळाडूपुढे जुने पुस्तक आणि दुसऱ्यापुढे नवे पुस्तक उघडलेले असणे ही आता नित्याची गोष्ट झाली आहे.

दोन शब्द आधीच स्पष्ट केलेले बरे. वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून त्यांतले मोठे दान धरणे म्हणजे अ‍ॅडव्हांटेज, आणि लहान दान धरणे म्हणजे डिसअ‍ॅडव्हांटेज. नकाशावरच्या ५ फुटांच्या चौकोनाला येथे आपला नेहमीचा शब्द 'घर' वापरला आहे.

शत्रू दिसत नसेल तर त्याच्यावर हल्ला करता येतो का?

करता येतो. हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुतेक नव्या खेळाडूंना अनपेक्षित वाटते, कारण 'दिसत नाही म्हणजे मारता येत नाही' असे आपण मनाशी धरून चाललेलो असतो. नियम मात्र तीन वेगवेगळ्या गोष्टी विचारतात. शत्रू दिसतो का? तो कोणत्या घरात आहे हे ठाऊक आहे का? आणि आपण जे करणार आहोत त्याच्या मजकुरात लक्ष्य दिसण्याची अट आहे का? या तीन प्रश्नांची सरमिसळ झाली की गोंधळ होतो, आणि ते वेगळे ठेवले की या पानावरचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

तलवार, धनुष्य किंवा हल्ल्याचे दान टाकावे लागणारे बरेचसे मंत्र यांना लक्ष्य दिसण्याची अट नसते. शत्रू दिसत नसेल तर दान डिसअ‍ॅडव्हांटेजने पडते, एवढेच. तो कोणत्या घरात आहे हे आवाजावरून कळले असेल तर त्या घरावर नेम धरायचा; कळले नसेल तर अंदाजाने घर निवडायचे. निवडलेल्या घरात शत्रू नसेल तर फाशावर २० आले तरी वार फुकट जातो, आणि डंजन मास्टरने (खेळ चालवणाऱ्याने) अशा वेळी फक्त 'नेम चुकला' एवढेच सांगणे अपेक्षित असते. घर चुकले की दान कमी पडले, हे खेळाडूला कळता कामा नये.

आपल्याकडे शब्दवेधी बाणाची कल्पना लहानपणापासून कानावर असते, आणि पाचव्या आवृत्तीत प्रत्येक तिरंदाज थोडाफार शब्दवेधी असतो असे म्हणायला हरकत नाही. श्रावणबाळाच्या गोष्टीतल्या दशरथाचे घर अचूक होते, दानही उत्तम पडले होते. त्या घरात हत्ती नसून माणूस आहे, एवढेच त्याला कळले नव्हते. डंजन मास्टरने हे उदाहरण लक्षात ठेवावे, कारण आवाजाने ठिकाण कळते, ओळख पटेलच असे नाही.

अंधार, धुके आणि अदृश्यता यांत नियमांच्या दृष्टीने फरक काय?

अंधार आणि धुके हे जागेचे गुण आहेत. अदृश्यता ही व्यक्तीची अवस्था आहे.

जागेच्या बाबतीत नियम दोन पायऱ्या मानतात. मंद उजेड, विरळ धुके किंवा मध्यम झाडी असेल तर तो विरळ झाकोळ. त्यात पाहून शोध घेण्याच्या परसेप्शन चेकवर (निरीक्षणाच्या दानावर) डिसअ‍ॅडव्हांटेज येतो, पण हल्ल्याच्या दानावर काहीच परिणाम होत नाही. संपूर्ण अंधार, दाट धुके किंवा घनदाट झाडी असेल तर तो दाट झाकोळ. त्या जागेतली वस्तू पाहू जाणारा त्या वस्तूपुरता आंधळा ठरतो. आंधळ्याचे स्वतःचे वार डिसअ‍ॅडव्हांटेजने होतात आणि त्याच्यावरचे वार अ‍ॅडव्हांटेजने होतात.

यातला 'त्या वस्तूपुरता' हा भाग महत्त्वाचा आहे. २०१४ च्या पहिल्या छपाईत दाट झाकोळात उभा असलेला आंधळा ठरतो अशी शब्दरचना होती. तिचा शब्दशः अर्थ घेतला तर रात्रीच्या काळोखात झाडाखाली उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला पन्नास पावलांवर पेटलेली शेकोटीसुद्धा दिसली नसती. पुढे शुद्धिपत्रकाने हे बदलले: कोण कुठे उभा आहे यापेक्षा पाहिली जाणारी गोष्ट कुठे आहे, याला महत्त्व आले. जुनी प्रत वापरणाऱ्यांनी हे वाक्य पेन्सिलीने दुरुस्त करून ठेवावे.

डिसअ‍ॅडव्हांटेजने प्रत्यक्षात किती फरक पडतो?

एरवी फाशावर ११ किंवा त्याहून अधिक हवे असेल तर नेम लागण्याची शक्यता ५० टक्के असते. डिसअ‍ॅडव्हांटेजने ती २५ टक्क्यांवर येते आणि अ‍ॅडव्हांटेजने ७५ टक्क्यांवर जाते. ८ पुरेसे असेल तर ६५ टक्क्यांचे सुमारे ४२ टक्के होतात. १६ हवे असेल तर २५ टक्क्यांचे जेमतेम ६ टक्के उरतात. म्हणजे ज्याचे चिलखत आधीच भक्कम आहे त्याला अदृश्यतेचा फायदा सर्वांत जास्त होतो. पातळ अंगरख्यातल्या जादूगाराला अदृश्य करण्यापेक्षा चिलखतधारी योद्ध्याला अदृश्य करणे पुष्कळदा अधिक किफायतशीर ठरते, पण हे फार थोड्या टेबलांवर केले जाते.

धुक्यात दोघेही एकमेकांना दिसत नसतील तर?

तर दोघांचेही वार साध्या दानाने होतात, जणू धुके नाहीच. मला लक्ष्य दिसत नाही म्हणून मला डिसअ‍ॅडव्हांटेज. लक्ष्याला मी दिसत नाही म्हणून मला अ‍ॅडव्हांटेज. दोन्ही एकमेकांना खोडतात. आंधळी कोशिंबीर खेळताना पट्टी एकाच्याच डोळ्यांवर असते म्हणून तो डाव रंगतो. सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी बांधली तर काय व्हावे, याचे पाचव्या आवृत्तीचे उत्तर 'काहीच नाही' असे आहे.

हे उत्तर नियमांप्रमाणे निर्विवाद आहे, पण त्याचे परिणाम विचित्र होतात. अ‍ॅडव्हांटेज आणि डिसअ‍ॅडव्हांटेज यांची संख्या मोजली जात नाही. एका बाजूला चार कारणे असली आणि दुसऱ्या बाजूला एकच असले तरी बेरीज शून्यच. लाँगबोचा साधा पल्ला १५० फूट आणि लांबचा पल्ला ६०० फूट आहे, आणि लांबच्या पल्ल्यावर डिसअ‍ॅडव्हांटेज असतो. आता ५०० फुटांवरचा शत्रू धुक्यात असेल आणि त्यालाही तिरंदाज दिसत नसेल, तर धुक्यामुळे मिळालेला एक अ‍ॅडव्हांटेज अंतराचा तोटाही खाऊन टाकतो. मोकळ्या मैदानात जो बाण डिसअ‍ॅडव्हांटेजने सुटला असता तो धुक्यात साध्या दानाने सुटतो. अट एवढीच की शत्रूचे घर ठाऊक असले पाहिजे, आणि ५०० फुटांवरच्या माणसाच्या पावलांचा आवाज येतो असे कोणताही शहाणा डंजन मास्टर मान्य करणार नाही. येथेच 'घर ठाऊक आहे का' हा दुसरा प्रश्न 'दिसतो का' या पहिल्या प्रश्नाची चूक सावरून घेतो.

'रोग' (Rogue) या चोरट्या वर्गाच्या पात्राच्या स्नीक अटॅकचेही, म्हणजे बेसावध शत्रूवरच्या जादा नुकसानीच्या वाराचेही, तसेच आहे. त्यासाठी अ‍ॅडव्हांटेज हवा, किंवा लक्ष्याजवळ ५ फुटांत आपला भिडू हवा आणि स्वतःवर डिसअ‍ॅडव्हांटेज नको. दोन्ही खोडले गेल्यावर खेळाडूकडे दोन्हींपैकी काहीच नाही असे धरले जाते. त्यामुळे भिडू शेजारी असेल तर दाट धुक्यातही स्नीक अटॅक लागू होतो. हे पटत नसेल त्यांनी आपल्या टेबलापुरता वेगळा नियम करावा, पण तो डाव सुरू होण्यापूर्वी जाहीर करावा. लढाईच्या मध्यावर काढलेला नियम बरोबर असला तरी अन्यायाचाच वाटतो.

माझ्या पात्राला डार्कव्हिजन आहे. 'डार्कनेस' मंत्राच्या आत त्याला का दिसत नाही?

कारण मंत्राच्या मजकुरातच तसे स्पष्ट सांगितले आहे. डार्कव्हिजनने साधा अंधार मंद उजेडासारखा दिसतो. या मंत्राने पडलेला अंधार जादूचा आहे आणि तो डार्कव्हिजनला भेदता येत नाही. मशाल, कंदील यांचा उजेडही त्याच्यावर चालत नाही. दुसऱ्या किंवा खालच्या पातळीच्या मंत्राने केलेला उजेड या अंधाराला भिडला तर तो उजेडच विझतो. उलट तिसऱ्या पातळीचा 'डेलाइट' त्याला पुसून टाकतो.

या मंत्राची त्रिज्या १५ फूट, म्हणजे व्यास सहा घरांचा. कागदावर हे लहान वाटते. आमच्या एका डावात १० फूट रुंदीच्या बोळात वॉरलॉक वर्गाच्या जादूगाराने हातातल्या खड्यावर हा मंत्र टाकला (२०१४ च्या नियमांत हातातल्या वस्तूवर टाकता येत असे, २०२४ मध्ये ती वस्तू कोणाच्या अंगावर वा हातात नसावी लागते). वॉरलॉककडे डेव्हिल्स साइट होते, त्यामुळे १२० फुटांपर्यंतचा जादूचा अंधारही त्याला स्वच्छ दिसत होता. तो मजेत अ‍ॅडव्हांटेजने वार करत होता आणि शत्रूचे त्याच्यावरचे वार डिसअ‍ॅडव्हांटेजने पडत होते. बाकीच्यांच्या सोंगट्या मात्र त्याच सहा घरांत अडकल्या होत्या. तिसऱ्या फेरीत आमचा योद्धा कोसळला. आमची क्लेरिक (पुजारीण) त्याच्यापासून अवघ्या तीन घरांवर होती आणि तिच्याकडे जखमा भरणारा 'हीलिंग वर्ड' होता, पण तो मंत्र दिसणाऱ्या व्यक्तीवरच टाकता येतो. शेवटी तिने चाचपडत त्याच्या शेजारचे घर गाठले आणि स्पर्शाने चालणारा 'क्युअर वूंड्स' वापरला. त्यात तिची त्या फेरीतली पूर्ण अ‍ॅक्शन गेली, आणि पलीकडच्या शत्रूच्या पुजाऱ्याचा मंत्र आमच्या विझार्डला हाणून पाडता आला नाही, कारण 'काउंटरस्पेल'साठी समोरचा मंत्र म्हणताना दिसावा लागतो. वॉरलॉकला स्लॉट (मंत्र टाकण्याची मोजकी संधी) वाया घालवायचा नव्हता म्हणून त्याने मंत्र सोडला नाही. खड्यावर शिरस्त्राण उपडे ठेवले. अपारदर्शक वस्तूने स्रोत झाकला की अंधार अडतो, हे मंत्रातच लिहिलेले आहे.

सहकाऱ्यांना विचारल्याशिवाय हा मंत्र टाकू नये, असा आमच्या टेबलावर त्या दिवसापासून अलिखित नियम आहे.

कोणते मंत्र दिसत नसताना टाकता येतात, आणि कोणते येत नाहीत?

यासाठी एकच सर्वसाधारण नियम नाही. प्रत्येक मंत्राचा मजकूर वाचावा लागतो. 'तुला दिसणारा जीव' अशा अर्थाचे शब्द असतील तर लक्ष्य दिसलेच पाहिजे, आणि ते शब्द नसतील तर ती अट नाही. 'मॅजिक मिसाइल' कधीच चुकत नाही म्हणून तो अदृश्य शत्रूवर उत्तम चालेल असे वाटते, पण त्याचे बाण दिसणाऱ्या लक्ष्यावरच सोडता येतात. म्हणून अदृश्य शत्रूपुढे तो निरुपयोगी आहे. 'होल्ड पर्सन' आणि 'सेक्रेड फ्लेम' यांचीही तीच गत. याउलट 'फायर बोल्ट' आणि 'एल्ड्रिच ब्लास्ट' यांत पाहण्याची अट नाही. त्यांत हल्ल्याचे दान टाकायचे असते, ते डिसअ‍ॅडव्हांटेजने टाकावे.

क्षेत्रावर परिणाम करणारे मंत्र ही अदृश्य शत्रूवरची खरी मात्रा. 'फायरबॉल' १५० फुटांच्या आतल्या कोणत्याही बिंदूवर टाकता येतो, तो २० फूट त्रिज्येत पसरतो, आणि त्यात सापडलेल्या प्रत्येकाला सेव्हिंग थ्रो (बचावाचे दान) करावा लागतो. तो दिसो वा न दिसो. अदृश्यतेमुळे सेव्हिंग थ्रोला काहीच मदत होत नाही. आंधळेपणामुळे डेक्स्टेरिटीच्या (चपळाईच्या) सेव्हिंग थ्रोला तोटाही होत नाही, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. पण आंधळेपणाच्या व्याख्येत तसे काही नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दिसणे आणि वाट मोकळी असणे या भिन्न गोष्टी आहेत. बंद खिडकीच्या काचेतून पलीकडचा शत्रू स्पष्ट दिसतो, पण काच हा पूर्ण आडोसा धरला तर त्याच्यावर 'फायर बोल्ट' टाकता येत नाही, कारण मंत्राला लक्ष्यापर्यंत मोकळी वाट लागते. 'मिस्टी स्टेप'ला मात्र उतरण्याची मोकळी जागा दिसली की पुरते, कारण त्याचे लक्ष्य आपण स्वतः असतो. त्यामुळे त्याच काचेपलीकडे ३० फुटांच्या आत बिनदिक्कत उडी मारता येते. धुक्यात याच्या नेमके उलट घडते: 'फायर बोल्ट' जातो आणि 'मिस्टी स्टेप' अडतो.

अदृश्य झालो म्हणजे लपलो का?

नाही. अदृश्य पात्र दिसत नाही, पण त्याची पावले वाजतात, चिलखत खणखणते, चिखलात ठसे उमटतात. २०१४ च्या नियमांत अदृश्यतेच्या व्याख्येतच म्हटले आहे की आवाजावरून किंवा मागे राहिलेल्या खुणांवरून ठिकाण ओळखता येते. ठिकाण लपवायचे असेल तर हाइड अ‍ॅक्शन घेऊन स्टेल्थचे (चोरपावलांचे) दान टाकावे लागते आणि ते समोरच्याच्या पॅसिव्ह परसेप्शनशी, म्हणजे १० अधिक त्याचे परसेप्शनचे गुण यांच्याशी, ताडले जाते. अदृश्यतेचा फायदा असा की लपायला भिंत किंवा झाड शोधावे लागत नाही.

२०२४ मध्ये ही मांडणी बरीच बदलली. लपण्यासाठी दाट झाकोळ किंवा किमान तीन-चतुर्थांश आडोसा हवा, शत्रूच्या नजरेच्या टप्प्याबाहेर असावे लागते, आणि स्टेल्थच्या दानाची बेरीज किमान १५ यावी लागते. यशस्वी झाल्यास पात्राला चक्क अदृश्यतेचीच अवस्था मिळते. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केला, शत्रूने शोधून काढले, हल्ल्याचे दान टाकले किंवा तोंडाने म्हणायचा मंत्र टाकला, की ती अवस्था संपते. जादूने अदृश्य होणारा आणि पिंपामागे दबा धरून बसणारा या दोघांना एकाच नावाच्या अवस्थेत बसवणे मला व्यक्तिशः पटलेले नाही. त्यातून एक अडचणही उभी राहते: जादूने अदृश्य असलेले पात्र मोकळ्या दालनाच्या मध्यभागी हाइड घेऊ शकते का, हे नव्या शब्दांतून पूर्वीइतके स्वच्छ कळत नाही. माझ्या टेबलावर मी ते घेऊ देतो, कारण अन्यथा अदृश्य करणारा दुसऱ्या पातळीचा 'इन्व्हिजिबिलिटी' मंत्र पिंपापेक्षा कमी कामाचा ठरतो.

'इन्व्हिजिबिलिटी' नेमकी केव्हा तुटते?

२०१४ मध्ये हल्ला केला किंवा मंत्र टाकला की. यात एक पळवाट होती. ड्रॅगनबॉर्नने (ड्रॅगनवंशी पात्राने) अदृश्य असताना अग्निश्वास सोडला तर तो मंत्र नव्हता आणि त्यात हल्ल्याचे दान नसल्यामुळे तो नियमांच्या भाषेत हल्लाही नव्हता. म्हणून आग ओकूनही तो अदृश्यच राहत असे. २०२४ मध्ये 'नुकसान केले' हे तिसरे कारण जोडून ही वाट बुजवली आहे. पहिला वार मात्र दोन्ही नियमांत अ‍ॅडव्हांटेजनेच होतो. मंत्र त्यानंतर संपतो. चौथ्या पातळीची 'ग्रेटर इन्व्हिजिबिलिटी' यांपैकी कशानेच तुटत नाही, पण ती तासाऐवजी एकच मिनिट टिकते. दोन्हींना कॉन्सन्ट्रेशन (टाकणाऱ्याची अखंड एकाग्रता) लागते, त्यामुळे ज्याने मंत्र टाकला त्याला दगड मारून पाहणे हा गरिबाचा उपाय नेहमी उपलब्ध असतो.

'सी इन्व्हिजिबिलिटी' टाकूनही डिसअ‍ॅडव्हांटेज कसा?

२०१४ च्या पुस्तकाचा शब्दशः अर्थ घेणाऱ्यांनी हा प्रश्न गाजवला. तेथे अदृश्यतेच्या व्याख्येत दोन स्वतंत्र वाक्ये होती: एक, असा जीव दिसत नाही; दोन, त्याच्यावरच्या वारांना डिसअ‍ॅडव्हांटेज आणि त्याच्या वारांना अ‍ॅडव्हांटेज. मंत्राने पहिले वाक्य रद्द होते, दुसऱ्याला कोणी हात लावत नाही. म्हणजे शत्रू डोळ्यांना लख्ख दिसतो आणि तरीही नेम चुकतो. बहुतेक टेबलांवर हे वाचून हसून सोडून दिले जात असे. २०२४ च्या व्याख्येत 'ज्याला तुम्ही कसेही करून दिसता त्याच्याविरुद्ध हा फायदा मिळत नाही' अशी अट घातल्यामुळे वाद संपला. जुने नियम खेळणाऱ्यांनीही ही अट उसनी घ्यावी.

ट्रूसाइट, ब्लाइंडसाइट आणि ट्रेमरसेन्स यांपैकी कोणते कशावर चालते?

ट्रूसाइटला साधा व जादूचा अंधार, अदृश्य जीव आणि डोळ्यांना फसवणारे आभास, सगळे भेदता येते. पण दाट धुके भेदता येत नाही. धुके हा आभास नाही, ते खरोखरच आडवे आलेले असते. सहाव्या पातळीचा 'ट्रू सीइंग' टाकलेला विझार्ड पहिल्या पातळीच्या 'फॉग क्लाउड'मध्ये इतरांसारखाच चाचपडतो, ही या खेळातली मला आवडणारी गोष्ट आहे. वाऱ्याने ते धुके उडते, हे मंत्रातच आहे. म्हणून तेथे महागड्या दृष्टीपेक्षा 'गस्ट ऑफ विंड' बरा. डेव्हिल्स साइटही धुक्यात चालत नाही.

ब्लाइंडसाइट डोळ्यांवर अवलंबून नसल्यामुळे आपल्या टप्प्यात अंधार, धुके आणि अदृश्यता तिघांनाही पुरून उरते. वटवाघळाचे ब्लाइंडसाइट ६० फुटांचे आहे आणि २०१४ च्या नियमांत वटवाघूळ बहिरे झाले तर ते जाते. ब्लाइंडसाइटने जाणवलेला शत्रू 'दिसणारा जीव' धरायचा का, यावर पूर्वी वाद होत. २०२४ मध्ये त्याला पाहणेच म्हटले आहे. ट्रेमरसेन्सने जमिनीतली कंपने कळतात, म्हणजे ठिकाण कळते, पण ते पाहणे नव्हे. उडणारा शत्रू त्याच्या कक्षेबाहेर असतो.

अदृश्य शत्रूवर पीठ उधळले तर?

प्रत्येक टेबलावर कोणीतरी हे एकदा करतेच. नियमांत याची तरतूद नाही. अंगावरच्या व हातातल्या वस्तू अदृश्य होतात असे २०१४ चा मंत्र म्हणतो, त्यामुळे अंगाला चिकटलेले पीठही नाहीसे होते असे कोणी म्हणू शकेल. मी दोन-तीन फेऱ्यांपुरते ठिकाण उघड धरतो, म्हणजे घर ओळखण्याची कटकट मिटते, पण डिसअ‍ॅडव्हांटेज तसाच ठेवतो. पूर्ण उपाय हवा असेल तर पहिल्या पातळीचा 'फेअरी फायर' आहे: २० फुटांच्या घनात जे सेव्हिंग थ्रोमध्ये नापास होतील त्यांच्या अंगाभोवती उजेडाची रेघ उमटते, त्यांना अदृश्यतेचा लाभ मिळत नाही, आणि ज्याला ते दिसतात त्याचे वार अ‍ॅडव्हांटेजने होतात. पिशवीभर पिठाने एवढे काम झाले तर तो मंत्र कोणी शिकणार नाही.

'ब्लर' आणि 'मिरर इमेज' हे अदृश्यतेचेच प्रकार आहेत का?

नाहीत. त्यांत पात्र दिसतेच. फसगत होते ती नेमाची. 'ब्लर'ने त्याच्यावरच्या वारांना डिसअ‍ॅडव्हांटेज येतो. 'मिरर इमेज'ने तीन प्रतिमा तयार होतात आणि वार त्यांच्यावर जाऊ शकतो. ज्याला मुळातच दिसत नाही त्याच्यावर 'मिरर इमेज' चालत नाही. म्हणून प्रतिमांनी वेढलेल्या शत्रूवर वार करताना डोळे मिटून घ्यावे, असा सल्ला अधूनमधून दिला जातो. नियमांप्रमाणे तो बरोबर आहे, पण त्याची किंमत म्हणून डिसअ‍ॅडव्हांटेज पत्करावा लागतो.

अदृश्य शत्रू शेजारून निघून गेला तर अपॉर्च्युनिटी अटॅक मिळतो का?

मिळत नाही. तो दिसणाऱ्या शत्रूवरच घेता येतो. लढाईतून काढता पाय घेण्यासाठी अदृश्यता उत्तम ती याच कारणाने.

इतर खेळांत आणि जुन्या आवृत्त्यांत हेच कसे मोजतात?

डी अँड डीच्या २००३ च्या साडेतीन (३.५) आवृत्तीत टक्के होते. अर्धवट झाकलेल्या लक्ष्यावरचा नेम लागूनही २० टक्के वेळा वार फुकट जाई आणि पूर्ण झाकलेल्या लक्ष्यावरचा ५० टक्के वेळा. 'पाथफाइंडर' या तशाच भूमिका-खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीने टक्क्यांचे फासे काढून टाकले, पण प्रमाण तेच ठेवले: अंधुक दिसणाऱ्या लक्ष्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर कोणतेही गुण न मिळवता किमान ५ यावे लागतात आणि ठिकाण ठाऊक असलेल्या पण न दिसणाऱ्यासाठी ११. पहिल्यात २० टक्के दाने वाया जातात, दुसऱ्यात ५० टक्के. त्या खेळात 'दिसत नाही' आणि 'कुठे आहे ते ठाऊक नाही' यांना हिडन आणि अनडिटेक्टेड अशी वेगवेगळी नावे आहेत, आणि अनडिटेक्टेड शत्रूवर वार करताना दोन्ही दाने गेम मास्टर गुप्तपणे टाकतो. ही पद्धत अधिक काटेकोर आहे, पण लढाई लांबते. धुक्यात दोघेही आंधळे असले तर काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र तेथे पाचव्या आवृत्तीपेक्षा निश्चितच शहाणपणाचे मिळते.

अदृश्य शत्रूची सोंगटी नकाशावर ठेवावी का?

त्याचे घर सर्वांना ठाऊक असेल तर ठेवावी, आणि ओळखू यावी म्हणून तिच्याखाली नाणे किंवा बाटलीचे झाकण ठेवावे. तो लपला की सोंगटी उचलून घ्यावी आणि डंजन मास्टरने आपल्या पडद्यामागे चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने त्याची वाट आखत जावी. मी प्रत्येक फेरीअखेर तो कागद तारखेसह राखून ठेवतो. 'तो तिथे नव्हताच' असे नंतर कोणी म्हणाले तर कागद पुढे सरकवता येतो.